गलबतावरच्या गाद्या

टायरेल बे, कॅरियाकू
९ नोव्हेंबर २०११

प्रिय क्लोटीताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही. पान संपेपर्यंत तरी मीच बोलणार.

एक बातमी आहे. तुझ्या त्या इंग्लंडातल्या हडर्सफील्डमध्ये आपल्या बेटावरची निम्मी माणसं राहतात, तेव्हा ती आज ना उद्या तुझ्या कानावर येणारच. त्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे. ‘लेडी अर्नेस्टीन’ आता माल नेत नाही. त्रिनिदादहून नवं लोखंडी जहाज आठवड्यातून दोनदा येतं. आपण चार खेपांत आणायचो तेवढे कांदे आणि सिमेंट ते एका खेपेत उतरवतं. दोन वर्षं मी जवळपास रिकामं गलबत घेऊन हेलपाटे घातले. शेवटी जूनमध्ये आम्ही नवराबायकोनं ते वाळूवर ओढलं, तळ खरवडला, रंग दिला. वर पांढरा, खाली हिरवी पट्टी, बाबा द्यायचे तशीच. आणि जिथं सिमेंटच्या गोण्या रचायचो तिथं गाद्या घातल्या. निळ्या. जोसेटनं घरी शिवल्या.

आता आम्ही पाहुण्यांना संध्याकाळी फिरवतो. एका वेळी एकच जोडपं, नाहीतर एकच कुटुंब. चार वाजता निघायचं, सँडी आयलंडच्या पलीकडे जाऊन थांबायचं, सूर्य बुडाला की परत. जोसेट मासे तळते आणि पुढचं शीड सांभाळते, मी सुकाणू धरतो. हॉटेलवाले याला ‘खासगी यॉटवरून सूर्यास्त’ म्हणतात. आपल्या गलबताला यॉट म्हटलेलं ऐकून बाबा हसले असते की त्यांनी नांगर फेकून मारला असता, हे काही मला ठरवता येत नाही.

आईला पुरून तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. आमचा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. ये ना. आईच्या नावाच्या गलबतातून एक संध्याकाळ तुला फिरवून आणायचं आहे, बाकी काही मागत नाही. पण याच हंगामात ये. पुढच्या वर्षीवर टाकू नकोस.

तुझा,
आल्बन


हडर्सफील्ड
२ डिसेंबर २०११

श्री. आल्बन बेथेल, यॉटवाले, यांस,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, थट्टा करतोय. दुसऱ्यांदा वाटलं, जोसेटनं लिहायला लावलं. तिसऱ्यांदा कबूल केलं की अक्षर तुझंच आहे, जरी ते आता एवढं मोठं झालंय की एका ओळीत पाच शब्द बसतात. मी एकाहत्तर वर्षांची झाले म्हणून एवढं ठळक लिहायची गरज नाही. मला चष्मा आहे.

गाद्या!

बाबांनी ते गलबत विंडवर्ड गावच्या वाळूत चौदा महिने बांधलं. हातात नकाशा नव्हता. एक सुतारी वाकस होता आणि स्वतःचा डोळा. त्या गलबतानं काय काय नेलं हे विसरलास? मोठ्या वादळात अख्ख्या गावाची छपरं उडाली, तेव्हा पत्रे कशातून आले? मजुरांच्या संपात धक्क्यावर पोलीस उभे असताना कांद्यांखाली पत्रकं लपवून कोणी नेली? परमुलखात मेलेली माणसं घरच्या मातीत पुरायला कोणी आणली? आणि मला, वीस वर्षांच्या पोरीला, एका पत्र्याच्या पेटीसह आगबोटीपर्यंत कोणी सोडलं? त्या गलबताच्या फळ्यांत एका बेटाचा घाम मुरला आहे, आल्बन. आणि आज ते काय नेतं? सूर्य बघायची हौस असलेली दोन माणसं! सूर्य काय तुमच्याकडेच बुडतो? तो त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीमागेही रोज बुडतो. तिथं त्याच्याकडे बघायला त्यांना वेळ नसतो, आणि तो वेळ विकत घ्यायला ते तुझ्या दारात येतात.

तीस वर्षं मी युनियनसाठी इस्पितळाच्या फाटकावर उभी राहून धुलाईखान्यातल्या बायकांना एकच सांगत आले. ज्यांची ताटं तुम्ही उचलता ते तुमच्यापेक्षा मोठे नाहीत. हात विका, वेळ विका, घाम विका, पण हसू विकू नका, कारण ते विकलं की घरी न्यायला काही उरत नाही. बायकांनी ते ऐकलं. मालकांनीसुद्धा ऐकलं. ऐकलं नाही ते माझ्या सख्ख्या भावानं!

तेव्हा नीट वाच. त्या गलबतावर जोवर गाद्या आहेत तोवर माझं पाऊल त्यावर पडणार नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. दोन कप चहा पिऊन शांतपणे लिहिते आहे.

इकडे थंडी पडली. तुझा खोकला कसा आहे? लोकरीचे मोजे पाठवते आहे. तू घालणार नाहीस हे माहीत आहे, तरी पाठवते आहे.

क्लोटिल्डा


टायरेल बे
२८ डिसेंबर २०११

प्रिय ताई,

तुझं पत्र जोसेटनं मोठ्यानं वाचलं. ‘मोठ्या वादळात’पर्यंत आली आणि उठून उभी राहिली. मी विचारलं, “उठलीस का?” म्हणाली, “हे बसून वाचायचं पत्र नाही.” तू मला एकट्याला लिहितेस तेव्हाही समोर दोनशे माणसं असल्यासारखी लिहितेस. इथं दोघंच होतो. पण टाळ्या वाजवल्या.

मी भांडणार नाही. फक्त गेल्या आठवड्यातली एक संध्याकाळ सांगतो.

टोरांटोचा एक दंतवैद्य होता, बरोबर त्याची मैत्रीण. चढता चढता त्यानं माझ्या कानात सांगितलं, खिशात अंगठी आहे, सूर्य पाण्याला टेकला की तुम्ही दोघं जरा तिकडे तोंड करा. आम्ही तोंड फिरवलं. मागून त्याचं बोलणं ऐकू आलं, पुटपुटल्यासारखं. मग तिचा आवाज आला, अगदी स्पष्ट. “नाही.”

मी लगेच परत फिरायला लागलो, तर वाराच गेला. गलबतात इंजिन मी घातलेलं नाही, तुला ठाऊक आहे. तासभर आम्ही तळ्यातल्या पानासारखे पडून. तो मागं गादीवर, ती पुढं डोलकाठीपाशी. जोसेटनं एकाच मोठ्या ताटात वाढायला घेतलेले मासे गुपचूप दोन ताटल्यांत केले.

मी त्याला म्हटलं, “डॉक्टर, इकडे या. हे सुकाणू धरा.”

“वारा नाही तर सुकाणू कशाला?”

“वारा येईल तेव्हा ते कोणीतरी धरलेलं असायला हवं.”

त्यानं दोन्ही हातांनी धरलं आणि रडला. मी शिडाकडे बघत बसलो. पुढं ती मुलगी जोसेटला सांगत होती, माणूस चांगला आहे हो, पण त्याच्या आईच्या घरात मला राहायचं नाही. जोसेट म्हणाली, “हे त्याला सांगितलंस?” “नाही.” तुला जोसेट माहीत आहे. ती तिथूनच ओरडली, “अहो डॉक्टर, वेगळं घर घेता का?”

उतरेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. पण जोसेटनं सांगितलं, वाळूतून जाताना तिच्या चपला त्याच्या हातात होत्या.

आता मला सांग, ताई, यात मी हसू केव्हा विकलं? पाहुणा चढला की मी हात पुढं करतो आणि म्हणतो, “मी कॅप्टन बेथेल. ही जोसेट बेथेल. आपलं नाव?” नाव सांगितल्याशिवाय दोर सुटत नाही. दुसऱ्या कुठल्या नावानं मला कोणी हाक मारलेली नाही.

मोजे मिळाले. जोसेटनं त्यात कांदे भरून टांगले आहेत.

ये.

तुझा,
आल्बन


हडर्सफील्ड
१७ जानेवारी २०१२

आल्बन,

दंतवैद्याचं मी गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये आमच्या धुलाईखान्यातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवलं. विनिफ्रेडला हसून हसून ठसका लागला. आता दर गुरुवारी विचारते, त्यानं वेगळं घर घेतलं का. मी हसले याचा अर्थ माझं मत बदललं असा घेऊ नकोस.

पण तू नावाचं लिहिलंस, म्हणून एक गोष्ट सांगते. आजवर कोणाला सांगितलेली नाही. मी सोळा वर्षांची असताना आपल्या खाडीत एक यॉट महिनाभर नांगरून होती, आठवते? तू दहाचा होतास, आतले दिवे बघायला किनाऱ्यावर बसायचास. मी तिथं ताटं धुवायला जायचे. क्लोटिल्डा हे नाव त्यांच्या जिभेला लांब पडायचं. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव मेरी ठेवलं. मेरी, बर्फ आण. मेरी, हे पूस. वाईट माणसं नव्हती ती, वाढदिवसाला मला रिबीन दिली. मेरीच्या वाढदिवसाला. शेवटच्या दिवशी बाजारात कोणीतरी कुठल्या तरी मेरीला हाक मारली आणि मी मागं वळले. वळले, आल्बन! त्या संध्याकाळी मी खडकावर जाऊन माझं नाव ओरडून म्हटलं, घसा बसेपर्यंत. माझं पहिलं भाषण ते. तेव्हापासून ताट, यॉट आणि पाहुणे एकत्र दिसले की माझं रक्त तापतं.

तू कॅप्टन बेथेल म्हणवून घेतोस ते वाचून मी पत्र जरा वेळ मांडीवर ठेवलं.

आता दुसरं. हे केवळ माहितीसाठी. रविवारी दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, डोळा लागला. आई दिसली. आपल्याच गलबतात होती. त्या निळ्या गादीवर, जी मी अजून पाहिलेलीही नाही, चर्चला निघाल्यासारखी बूट मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, “क्लोटी, बसायला मऊ दिलंय गं त्यानं. पण जेवायचं कुणी विचारलं नाही.”

माझा स्वप्नांवर विश्वास नाही. दुपारी चीज जास्त झालं होतं. जोसेटला सांगू नकोस, आणि स्वप्नांचे अर्थ लावणाऱ्या त्या मा टेनीला तर मुळीच नको.

क्लोटिल्डा


टायरेल बे
१३ फेब्रुवारी २०१२

प्रिय ताई,

जोसेटला सांगू नको म्हणतेस, पण तुझी पत्रं वाचते कोण? तीच. मी चपला पायात घालेपर्यंत ती मा टेनीच्या ओसरीवर पोचलीसुद्धा. मा टेनी आता ब्याण्णव वर्षांची आहे, ऐकायला कमी येतं, पण स्वप्न म्हटलं की सगळं ऐकू येतं. म्हणाली, “इंग्लंडात पडलं म्हणून काय स्वप्नाचा अर्थ बदलतो? आई भुकेली आहे. जिथं बसलेली दिसली तिथंच आईबापांचं ताट मांडा.”

तेव्हा गेल्या शनिवारी जोसेटनं ताट केलं. मक्याचे गोळे, भात, कोंबडी. सगळं अळणी, मेलेल्यांसाठी करतात तसं. शेजारी एक पेला पाणी आणि घोटभर रम. गलबताच्या खालच्या खोलीत नेऊन ठेवलं, वर पांढरं कापड. आता सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नव्हता.

पण त्या संध्याकाळचे पाहुणे तीन महिन्यांपूर्वी ठरलेले. बेल्जियमचा एक म्हातारा पाववाला आणि त्याची बायको, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आलेली. जोसेट म्हणाली, आज नको म्हणून सांग. मी म्हटलं, राहू दे, आईला माणसं आवडायची.

छान संध्याकाळ झाली. सूर्य गेला, परत आलो, नांगर टाकला. जोसेट खाली गेली. मग वर आली ती ताट घेऊन. ताट पुसून लख्ख. कापडाची नीट घडी.

पाववाला म्हणाला, “फार सुंदर जेवण. फक्त मीठ विसरलात.”

काय झालं ते मी त्यांना समजावून सांगितलं. म्हाताऱ्याचा आवाजच बदलला. जोसेट सांगते, त्यानं टोपी काढली, खोलीच्या दाराकडे तोंड केलं आणि म्हणाला, “मॅडम, मला क्षमा करा. मी पाववाला माणूस, समोर झाकलेलं दिसलं की उघडून बघतो.” बायको रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो हॉटेलातून चालत आमच्या दारात. हॉटेलच्या भट्टीत स्वतः भाजलेला पाव आणला होता, गरम. “तुमच्या आईसाठी,” म्हणाला.

पण पाव आणला म्हणून ताट भरून निघत नाही. मा टेनीचं म्हणणं, आता ते मी पुन्हा मांडून चालणार नाही. आई ज्याच्याकडे आली त्यानंच आपल्या हातानं मांडायचं. म्हणजे तू. एप्रिल संपायच्या आत ये, ताई.

तुझा,
आल्बन


हडर्सफील्ड
३ मार्च २०१२

आल्बन बेथेल,

तीस वर्षं मी व्यवस्थापकांची कारणं ऐकली आहेत. खोट्या कारणाला एक वास असतो, आणि तो तुझ्या पत्राला येतो. मला तिकडे ओढण्यासाठी तू हे ताट रचलंस. आईच्या नावावर! पाववाल्याची टोपी तर फारच छान जमली आहे.

उलटतपासणीला उभा राहा.

त्या खोलीचं दार सुकाणूच्या समोर उघडतं. बाबांनी ते मुद्दाम तसं केलं, खाली कोणी मालाला हात घातला तर सुकाणूवरून दिसावं म्हणून. तू बसतोस तिथून दार तीन पावलांवर. उकाड्यानं ते सदा उघडं. जोसेट पुढच्या शिडापाशी, तिची तुमच्याकडे पाठ, हे मला मान्य. पण तू? दोन धष्टपुष्ट माणसं तुझ्या नाकासमोर खाली उतरतात, कापड उचलतात, अख्खी कोंबडी खातात, कापडाची घडी घालतात, आणि तुला पत्ता नाही?

शक्यता दोनच. एक, तू खोटं बोलतो आहेस.

दुसरी लिहायला घेतली आणि माझं पेन थांबलं.

उठले आणि तुझी पाच वर्षांची पत्रं काढली. टेबलावर एकाशेजारी एक मांडली. अक्षर दरवर्षी मोठं होत गेलं आहे. मला वाटत होतं ते माझ्यासाठी. माझी पत्रं जोसेट वाचते, तू नाहीस. दंतवैद्याचं पुटपुटणं तू ऐकलंस, मुलीचा आवाज ऐकलास, पाववाल्याचा आवाज बदललेला ऐकलास. कोणाचा चेहरा कसा झाला हे कुठंच लिहिलेलं नाहीस. आणि पहिल्या पत्रापासून एकच धोशा. याच हंगामात ये.

एक की दोन? एका शब्दात उत्तर पाठव.

क्लोटिल्डा


टायरेल बे
२० मार्च २०१२

ताई,

दोन.

आल्बन

(क्लोटीताई, खाली मी जोसेट लिहिते आहे. तो शेजारच्या खोलीत आहे आणि मी काय लिहिते ते विचारतो आहे. सांगत नाही.

काचबिंदू आहे. सेंट जॉर्जेसच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं. कडेचं सगळं गेलं, मधलं थोडं उरलं आहे. दिवसा उन्हात त्याचं चालतं. उजेड उतरला की काही नाही. आणि आमचं काम तर उजेड उतरतानाचंच. मी पुढून हळू आवाजात सांगायची, तो गालावरच्या वाऱ्यानं चालवायचा. हे त्यानं मला कोणाला सांगू दिलं नाही, आणि मी ऐकलं, ही माझी चूक. त्या ताटाच्या संध्याकाळी त्याला कळलं की दोन माणसं समोरून खाली उतरली आणि आपल्याला दिसली नाहीत. त्या दिवसापासून त्यानं पाहुणे नेलेले नाहीत. म्हणाला, कोणाचा तरी जीव जाईल. आता सकाळी तो मला सुकाणू शिकवतो. फार ओरडतो. पुढच्या हंगामात मीच धरणार.

फक्त एक फेरी त्यानं स्वतःसाठी ठेवली आहे. तुमची. ती झाली की तो सुकाणू सोडणार. तुम्ही आला नाहीत तरी सोडणारच, पण मग ते कसं सोडेल ते मला बघवणार नाही. — जोसेट)


हडर्सफील्ड
२ एप्रिल २०१२

माझ्या आल्ब्या,

तिकीट काढलं. २१ तारखेला पोचते.

तुला खोटारडा म्हटलं. फाटकावर मी कधी कोणाची क्षमा मागितली नाही. तुझी मागते.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईला विचारलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येतं. थेंब एकदाही चुकवायचे नाहीत. जोसेट, तो चुकवत असेल तर मला कळव.

गाद्यांवर मी बसणार नाही. उभी राहीन.

क्लोटी


टायरेल बे
११ मे २०१२

प्रिय ताई,

तुला जाऊन दहा दिवस झाले. घर एवढं शांत झालंय की मा टेनी परवा विचारत होती, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का.

मला तुझ्याशी एक बोलायचं आहे. आधी त्या संध्याकाळचं, मला जसं कळलं तसं सांगतो.

तू डोलकाठी धरून उभी राहिलीस. शब्दाची पक्की. सँडी आयलंडपर्यंत उभी होतीस, कारण तुझा श्वास वरून ऐकू येत होता. मग बेटाच्या आडोशातून बाहेर पडलो, पहिली मोठी लाट आली आणि गादी फुसकन वाजली. पुढचं शीड उगाचच हललं. ती हसत असणार.

मग तू खाली जाऊन ताट मांडलंस. आधी पाणी ओतलंस, मग रम. आणि आईला हाक मारलीस. “अर्नेस्टीन बेथेल, ये, जेवून घे!” त्याच आवाजानं तू मालकांना फाटकावर बोलावत असशील. खडकावरचे पाणकोळी उडालेले मला ऐकू आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मा टेनीनं ताट बघून सांगितलं, जेवली. कशावरून ते मी विचारलं नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते. ताट मांडून तू वर येऊन माझ्यासमोर बसलीस. माझ्या तोंडावर ऊन आलं, ऊबदार, मग ते कमी कमी होत गेलं. मला कळलं, आता. मी विचारलं, “ताई, कसा आहे?”

तू काही बोलली नाहीस.

मी थांबलो. पुन्हा विचारलं. तू, जी चहाच्या कपावरही वीस मिनिटं बोलतेस, एक अक्षर बोलली नाहीस. मग अंधार झाला असणार, कारण जोसेट पुढून खुणा सांगायला लागली, आणि तूही. “डावीकडे. आणखी. पुरे.” तेवढंच. विमानतळावर मला मिठी मारलीस तेव्हाही तो विषय काढला नाहीस.

मला वाटतं तुला तेव्हाही राग आला होता. गाद्यांचा असेल, मी लपवलं त्याचा असेल. तो रास्त आहे. पण ती माझी सुकाणूवरची शेवटची संध्याकाळ होती आणि ती कशी दिसली हे मला माहीत नाही. जोसेट म्हणते, मी शिडात गुंतले होते, मला विचारू नकोस. रागावलेली असलीस तरी लिही. जोसेट वाचून दाखवेल. उभी राहून वाचायला सांगतो.

तुझा,
आल्बन


हडर्सफील्ड
२९ मे २०१२

माझ्या आल्ब्या,

तीन कागद फाडले. पहिल्यात रंग होते, नारिंगी, जांभळा आणि आणखी कसले कसले. दुसऱ्यात सूर्य होता, बेटं होती, आपले पूर्वज होते. विनिफ्रेडला वाचून दाखवला, तिला रडू आलं. मला लाज वाटली. तिसरा त्याहून वाईट होता. सगळे खोटे होते, कारण मी जे पाहिलंच नाही ते लिहीत होते.

मला राग आला नव्हता, वेड्या. सूर्य माझ्या पाठीमागं होता. मी वळलेच नाही.

मी तुझ्याकडे बघत होते. वर आले, तुझ्यासमोर बसले आणि म्हटलं, एकदा नीट बघून घेऊ, मग वळू. आणि ते ‘मग’ काही आलंच नाही. तेव्हा जे पाहिलं तेच लिहिते.

आधी तुझा सगळा चेहरा लाल मातीसारखा होता, विंडवर्डला पावसानंतर असते तसा. भुवया पांढऱ्या झाल्यात तुझ्या, मला कोणी सांगितलं नव्हतं. मग शिडाची सावली कपाळावरून खाली यायला लागली. नाकाचा शेंडा बराच वेळ उजेडात राहिला, बेथेलांचं नाक आहे, सहजासहजी बुडत नाही. तू जीभ दातांत धरली होतीस. पाच वर्षांचा असताना बुटाची नाडी बांधायला शिकत होतास तेव्हा धरायचास, तशीच. वारा यायच्या आधीच तुझी मान त्याच्याकडे वळायची, शीड नंतर फुगायचं. दर वेळी तसंच. मी मोजायला लागले आणि मोजणं विसरले. बाबांना सुकाणू धरताना मी शेकडो वेळा पाहिलं आहे. ते हुकूम दिल्यासारखं धरायचे. तू म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा तसं धरतोस, दोन बोटांनी.

मग ओठ गेले, मग हनुवटी. शेवटी फक्त तुझा हात दिसत होता. तो दिसत होता तेवढ्यात तू विचारलंस, “ताई, कसा आहे?”

मला कुठल्याही सभेत असं झालेलं नाही. शब्द होते, पण तोंड उघडलं असतं तर जो आवाज बाहेर आला असता तो मला तुला ऐकवायचा नव्हता. त्यापायी तुला इतके दिवस उगाच वाटत राहिलं की मी रागावले. क्षमा कर. या वर्षी तुझी दुसऱ्यांदा क्षमा मागते आहे, सवय होऊ देऊ नकोस.

जोसेट, हे वाचताना उभी असशील तर आता बस. डिसेंबरपासून तू सुकाणू धरशील, आल्बन पुढचं शीड धरेल. शिडाला डोळे लागत नाहीत, त्याला दोरच सगळं सांगतो. पण पाहुण्यांनी नाव सांगितल्याशिवाय दोर सोडायचा नाही, एवढं मात्र पाळायचं. मी आल्बनशेजारी बसेन आणि काय काय दिसतं ते सांगत जाईन. त्याला मध्ये तोडू देणार नाही.

सूर्याचं म्हणशील, आल्ब्या, तर तो माझा बघायचा राहूनच गेला. सात डिसेंबरला येते. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझी,
क्लोटी